गोष्ट मराठीत सांगा, चिठ्ठ्या इंग्रजीत लिहा

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुलगी नऊ वर्षांची, चौथीत, इंग्रजी माध्यमात. घर बडोद्याच्या दांडिया बाजारात. घरात मराठी, जिना उतरला की गुजराती. एक कुटुंब जुन्या घरात खजिना शोधतं अशी सचित्र इंग्रजी गोष्ट तुम्ही तिला आणून दिलीत, तिच्यातले घरगुती शब्द वहीत उतरवलेत आणि रोज दहा पाठ करून घेतलेत. तीन महिन्यांत गोष्ट तोंडपाठ झाली, अर्थ विचारले की ती पटापट सांगते. पण पुण्याच्या मावसबहिणीने सहज 'व्हेअर इज द टॉवेल?' एवढंच विचारलं, तर ती गप्प उभी राहिली आणि शेवटी दांडीकडे बोट दाखवलं. रोज किती शब्द द्यावेत, हा तुमचा पहिला प्रश्न. दुसरा, सासूबाईंना इंग्रजी अजिबात येत नाही, घरात त्या भाषेचं वातावरण नाही, त्यामुळे हे होतंय का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण त्यात एका बाईवर अन्याय होतोय. नाही, सासूबाईंमुळे हे होत नाही. उलट मी जे सुचवणार आहे त्यात सगळ्यात मोठं काम त्यांचंच आहे.

मी बडोद्यात अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे. आधी शाळेत, आणि गेली नऊ वर्षं घरी, दुपारी, आठ-दहा मुलांना. यातली बरीचशी मुलं तुमच्या लेकीसारखीच, तीन भाषा सहज बोलणारी आणि चौथीपाशी अडणारी. खाली जे लिहिते आहे ते या मुलांकडून शिकलेलं आहे. तरी प्रत्येक घर वेगळं. मूल वाचू शकतं का, भावंडं किती, तुमच्याकडे आठवड्यात किती वेळ मोकळा असतो, मूल बुजरं आहे की धीट, यावर बरंच अवलंबून आहे. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगेन.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. तुमच्या मुलीला शब्द येतात, पण ते तिला कधी लागलेच नाहीत. 'पिलो म्हणजे उशी' असं तिने दोन रकान्यांत पाठ केलं, त्यामुळे पिलो हा शब्द तिच्या डोक्यात खऱ्या उशीला चिकटलाच नाही, 'उशी' या शब्दाला चिकटला. तुम्ही विचारलंत की निघतो, नाही विचारलंत की तिथेच पडून राहतो. आता हे बघा: उशीला गुजरातीत ओशीकुं म्हणतात हे तिला नक्की माहीत असणार, आणि हिंदीत तकिया हेही. ते कुणी वहीत लिहून दिलं होतं? शेजारच्या घरी खेळताना कुणी तिला ओशीकुं फेकून मारलं असेल, कुणी 'ओशीकुं लाव ने' म्हणालं असेल, आणि ते उचलून दिल्याशिवाय खेळ पुढे सरकला नसेल. शब्द वस्तूला चिकटला, हाताला चिकटला. चौथा शब्दही याच वाटेने आत गेला पाहिजे.

शाळेत असताना माझ्याही वर्गात रोज दहा शब्द आणि शनिवारी चाचणी असंच चालायचं. पाचवीत एक मुलगा होता, दर शनिवारी दहापैकी दहा. एकदा मधल्या सुट्टीनंतर रडवेला होऊन माझ्यापाशी आला. वर्गात इंग्रजीतच बोलायचं असा नियम होता. तो बराच वेळ ओठ हलवत उभा राहिला आणि म्हणाला, 'टीचर, वॉटरबॅग... नॉट सापडिंग.' वर्ग हसला. मला मात्र पुढे कित्येक दिवस ते वाक्य सोडेना. 'फाइंड' त्याला पाठ होता, स्पेलिंगसकट. पण खरंच काहीतरी हरवलं तेव्हा तोंडात आला तो 'सापड'.

नीट पाहिलं तर त्या मुलाची अडचण शहाणपणाची होती. मराठीत 'मला बाटली सापडत नाही' म्हणताना सापडायचं काम बाटलीचं असतं, मी नुसती बाजूला उभी. इंग्रजीत सगळं माझ्यावर येतं: 'आय कान्ट फाइंड माय बॉटल.' शिवाय आपल्याकडे शोधणं आणि सापडणं हे दोन वेगळे शब्द आहेत, तसे त्यांच्याकडेही आहेत, पण आपण यादीत फक्त 'फाइंड म्हणजे शोधणे' लिहून मोकळे होतो. मग मुलं, आणि चांगली शिकलेली मोठी माणसंसुद्धा, पेन शोधताना 'आय ॲम फाइंडिंग माय पेन' म्हणतात. शोधत असतो तेव्हा 'लुकिंग फॉर', हाती लागलं की 'फाउंड'. घरात खजिना लपवायचा आणि प्रत्येक चिठ्ठीने पुढच्या चिठ्ठीची जागा सांगायची, अशा खजिन्याच्या खेळात पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत या दोनच गोष्टी चाललेल्या असतात, शोधणं आणि सापडणं. म्हणून घरगुती इंग्रजीसाठी याच्याइतका चांगला खेळ मला दुसरा मिळालेला नाही. तुम्ही निवडलेला विषय अगदी योग्य होता. फक्त ती गोष्ट दुसऱ्यांच्या घराची होती, आणि तिच्यातला खजिना तुमच्या मुलीच्या मदतीवाचूनही सापडतच होता.

दुसरी अडचण याहून खोल आहे. टॉवेल हा शब्द तर मराठीतही टॉवेलच. म्हणजे मावसबहिणीसमोर तुमची लेक वस्तूच्या नावाला अडली नव्हती, ती अडली 'वर'ला. आपण आधी वस्तू सांगतो आणि मग जागा: दांडीवर, पलंगाखाली, दाराच्या मागे. गुजरातीतही तसंच. इंग्रजीत जागेचा शब्द आधी येतो: ऑन, अंडर, बिहाइंड. म्हणजे वाक्य सुरू करतानाच मुलाला जागा ठरवून टाकावी लागते, आणि ती सवय त्याच्या दोन्ही भाषांनी लावलेली नाही. त्यात आपला 'वर' फार कष्टाळू शब्द. टेबलावर पुस्तक, डोक्यावर पंखा, झाडावर आंबा, झाडावर पोपट, सगळीकडे तोच. इंग्रजीत पुस्तक 'ऑन द टेबल', पण पंखा 'अबव्ह'. आंबा 'ऑन द ट्री', पण पोपट पानांच्या आत जाऊन बसतो म्हणून 'इन द ट्री'. माझ्याकडच्या एका मुलीने निबंधात लिहिलं होतं, 'द फॅन इज ऑन माय हेड.' मी तिला खाली लाल रेघ मारून दिली नाही. टेबलफॅन बंद करून तिच्या डोक्यावर क्षणभर टेकवला आणि म्हटलं, हे 'ऑन'. मग छताकडे बोट केलं, ते 'अबव्ह'. ती आता कॉलेजात आहे, अजून भेटली की पंख्याची आठवण काढते.

म्हणून माझा आग्रह असा की वस्तूंची नावं कमी घ्या, जागेचे शब्द आणि क्रियापदं जास्त घोळवा.

आता खेळ कसा मांडायचा. पुस्तकातली गोष्ट बाजूला ठेवा, टाकून देऊ नका, तिचं काम पुढे आहे. गोष्ट तुमच्याच घराची हवी, आणि ती मराठीत हवी. इथे पुष्कळ पालक माझ्याशी वाद घालतात. खेळ इंग्रजीसाठी तर गोष्टही इंग्रजीतच हवी, असं त्यांना वाटतं. मी तसं करून पाहिलेलं आहे. आईने अडखळत इंग्रजीत गोष्ट सांगितली की मुलाचं निम्मं लक्ष आईच्या अडखळण्याकडे जातं आणि गोष्टीतला जीव जातो. गोष्टीचं काम उत्सुकता निर्माण करणं आहे, आणि ते मूल ज्या भाषेत झोपेत बडबडतं त्याच भाषेत उत्तम होतं. चिठ्ठ्या मात्र इंग्रजीत. गोष्ट मराठीत, चिठ्ठ्या इंग्रजीत, एवढं धरून चाला.

आणि ही गोष्ट सासूबाईंनी सांगायची. तुम्ही लिहिलंयत की त्यांचे सासरे संस्थानाच्या नोकरीत होते. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं, म्हणजे ती नोकरी त्याच्या आधीची. मग गोष्ट तयारच आहे: पणजोबा कचेरीतून घरी यायचे, खिशात कधी संस्थानाचं एखादं जुनं बाबाशाही नाणं असायचं, ते एका पत्र्याच्या डबीत जपून ठेवायचे. डबी कुठे गेली? खरं नाणं घरात नसलं तरी चालेल. माझ्या घरच्या खेळात खजिना होता आजेसासूबाईंची वही. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींसाठीसुद्धा, आणि त्या शाळेत शिकलेल्या हाताने लिहिलेली लोणच्या-पापडांची मापं त्या वहीत होती. माझ्या भाच्याने ती वही उघडल्यावर पंधरा मिनिटं खाली ठेवली नाही. चॉकलेटही चालतं, नाही म्हणत नाही, पण चॉकलेट खाऊन संपतं आणि पुढच्या रविवारी मूल विचारतं की या वेळी किती मोठं?

चिठ्ठी लिहिताना एकच कसोटी लावा: हा शब्द कळल्याशिवाय पुढे जाता येतं का? जाता येत असेल तर ती चिठ्ठी फुकट. समजा तुम्ही लिहिलंत, 'लुक अंडर द पिलो.' मुलगी 'पिलो' वाचते, धावते, उशी उचलते, उलटते, झटकते, आणि चिठ्ठी मिळते. 'अंडर' तिला लागलाच नाही. मी सुरुवातीची दोन वर्षं अशाच चिठ्ठ्या करत होते आणि मुलं आनंदाने धावत होती, म्हणून मला वाटायचं काम होतंय. नंतर त्यांना 'अंडर' विचारला, तर निम्म्यांना येईना. तेव्हापासून मी एकाच जागी तीन चिठ्ठ्या ठेवते. एक उशीच्या खाली, एक उशीच्या मागे भिंतीला टेकवून, एक अभ्र्याच्या आत. तिन्हींवर पुढची जागा वेगवेगळी. 'अंडर' वाचून जी बरोबर चिठ्ठी उचलते तिला वाट मिळते. चुकीची उचलली तर ती मोरीतल्या बादलीपाशी पोचते, आणि तिथे लिहिलेलं असतं, 'नो! गो बॅक टू द पिलो.' मुलं परत येतात ती पळत, आणि आता 'अंडर', 'बिहाइंड', 'इन्साइड' या तिघांकडे अशी बघतात जशी आपण घराच्या किल्ल्यांकडे बघतो. शब्द लागणं म्हणजे हे. पहिल्या खेळात मात्र अशी फसवी जागा एकच ठेवा, नाहीतर मूल वैतागतं.

एका खेळाचा नमुना देते, तुमच्या घरासारखंच घर डोळ्यांसमोर धरून. पहिली चिठ्ठी सासूबाईंच्या हातात: 'लुक अंडर आजीज पिलो.' उशीखालची सांगते: 'गो टू द किचन. देअर इज अ रेड स्पून इन द राइस. टेक आउट द स्पून.' इथे क्षणभर थांबा. 'अ रेड स्पून' आधी, आणि मग 'द स्पून'. मराठीत 'अ' आणि 'द' नसल्यामुळे हा फरक मुलांना कितीही समजावला तरी डोक्यावरून जातो. पण तांदळाच्या डब्यात हात घालताना तो आपोआप कळतो: आधी कुठला तरी चमचा, आणि हाताला लागला की तोच तो चमचा. व्याकरण सांगू नका, नुसतं लिहीत राहा. चमच्याला दोऱ्याने गुंडाळलेली पुढची चिठ्ठी: 'अनटाय द थ्रेड. नाउ लुक बिहाइंड द मिरर.' आरशामागे: 'टर्न ऑफ द फॅन. सिट ऑन द स्विंग. लुक अप.' पंखा आणि दिवा 'क्लोज' करायचा नसतो, हे बडोद्यातल्या मुलांना सांगून सांगून मी थकले होते. 'बंद कर' दोन्ही भाषांत असल्यामुळे ते तसंच उतरतं. या चिठ्ठीने ते मार्गी लागतं. झोपाळ्यावर बसून वर पाहिलं की कडीला चिकटवलेली चिठ्ठी दिसते: 'आस्क आजी फॉर द की.'

आणि आता सासूबाईंचं खरं काम. त्यांना फक्त दोन इंग्रजी वाक्यं पाठ करून द्या: 'व्हॉट आर यू लुकिंग फॉर?' आणि 'व्हेअर डिड यू फाइंड इट?' एवढीच. नात आली की त्यांनी विचारायचं, आणि उत्तर मिळाल्याशिवाय खजिन्याच्या डबीची किल्ली द्यायची नाही. नातीने 'आय ॲम लुकिंग फॉर द की' म्हटलं की किल्ली. आणि प्रत्येक चिठ्ठी मिळाल्यावर आजीकडे येऊन सांगायचं, 'आय फाउंड इट बिहाइंड द मिरर.' आजीने मग मनापासून विचारायचं, 'म्हणजे कुठे गं?' मुलगी मराठीत समजावते, हाताने दाखवते, कधी आजीला हाताला धरून आरशापाशी नेते. ज्याला इंग्रजी येतं अशा माणसासमोर मूल चुकायला घाबरतं. ज्याला येत नाही त्याच्यासमोर ते शिक्षक होतं. तुमच्या घरात हा श्रोता फुकट बसलेला आहे आणि त्यांना नातीचं ऐकायला वेळही आहे. आम्ही शिक्षक वर्गात असा श्रोता कुठून आणणार?

खेळताना मुलीने नीट वाक्य बोललंच पाहिजे असा हट्ट पहिल्या दोन-तीन वेळा धरू नका. जेम्स ॲशर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात याच विचारावर शिकवण्याची एक पद्धत बसवली: आधी सूचना ऐकायची आणि अंगाने ती पाळायची, बोलणं मागून येतं. लहान मूल मातृभाषा शिकताना 'दार लाव', 'चप्पल आण' हे महिनोन् महिने नुसतं पाळत असतं, तसंच. बुजऱ्या मुलांसाठी ही पद्धत मी डोळे मिटून वापरते. तुमची मुलगी मावसबहिणीसमोर गप्प राहिली म्हणजे बुजरी असावी. तिला नुसतं धावू द्या. आजीच्या प्रश्नाला पहिल्यांदा तिने नुसतं 'की' म्हटलं तरी किल्ली द्या. तिसऱ्या रविवारी पूर्ण वाक्याची वाट बघा.

तिसऱ्या-चौथ्या खेळानंतर बाजू उलटा. आता चिठ्ठ्या ती लिहील आणि तुम्ही आणि तिचे बाबा शोधाल. खरं बोलणं-लिहिणं इथे सुरू होतं. नियम एकच, आणि तो पाळणं मोठ्यांना जड जातं: चूक सुधारायची नाही, चिठ्ठीत लिहिलंय तेच अक्षरशः करायचं. एका घरी मुलाने लिहिलं होतं, 'द की इज ऑन द बेड.' किल्ली होती पलंगाखाली. वडिलांनी चादर काढली, गादी झटकली, पलंगावर बसून शांतपणे म्हणाले, 'आय कान्ट फाइंड इट.' मुलगा हसून लोळला, मग गप्प झाला, चिठ्ठी परत वाचली, पेन्सिल घेऊन 'ऑन' खोडला आणि 'अंडर' लिहिला. कुणी काही सांगितलं नव्हतं. लाल शाईने हे होत नाही, आणि मी लाल शाई भरपूर वापरून पाहिलेली आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न, किती शब्द. रोज दहा हे फार आहे, आणि रोज हेही फार आहे. मी आठवड्याला एक खेळ आणि त्यात आठ नवे शब्द घेते: चार वस्तू, दोन क्रियापदं, दोन जागेचे शब्द. बाकीचे सगळे जुने. सुट्ट्या, परीक्षा, सणवार सोडून वर्षात चाळीस खेळ झाले तर तीनशेवीस शब्द होतात. हा आकडा लहान वाटेल, पण मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षणतज्ज्ञांनी १९५३ मध्ये शिकणाऱ्यांसाठी नेहमीच्या वापरातल्या इंग्रजी शब्दांची जी प्रसिद्ध यादी छापली तीच मुळी सुमारे २,००० शब्दांची आहे. त्यांनी आपल्या बंगालमध्ये वर्षानुवर्षं शिक्षणाचं काम केलं होतं, आपल्या मुलांची अडचण त्यांनी जवळून पाहिलेली होती. तीनशे शब्द हाताशी असलेलं मूल दोन हजार पाठ असलेल्या मुलापेक्षा पाहुण्यांशी जास्त बोलतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

जुने शब्द परत परत आणणं मात्र सोडू नका. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सगळ्यात जास्त विसरतं ते पहिल्या दिवसातच, मग विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून रविवारच्या खेळातला एखादा शब्द सोमवारी डब्यावर चिठ्ठी चिकटवून परत आणा: 'लुक अंडर द लिड.' मग बुधवारी एक, आणि पुढच्या रविवारी नव्या जागी. वस्तू तीच, जागा वेगळी. किंवा जागेचा शब्द तोच, वस्तू वेगळी. पंधरा दिवसांपूर्वीचा शब्द अचानक आला की मूल क्षणभर थांबतं, आठवतं आणि धावतं. त्या आठवण्याच्या क्षणात शब्द पक्का होतो.

एकसारखे शब्द मात्र एकाच दिवशी देऊ नका. लेफ्ट आणि राइट एकत्र शिकवले की मूल दोन्ही विसरत नाही, पण कुठला कुठला हे आयुष्यभर चाचपडतं. कप, मग आणि ग्लासचंही तसंच. आधी एक पक्का करा, पंधरवड्याने दुसरा. पुस्तकांत पानाच्या पानं भाज्या, पानाच्या पानं भांडी असतात, त्यांवर जाऊ नका. घरात कुठलीच गोष्ट अशी जातवारीने समोर येत नाही.

उच्चारांबद्दल थोडं. चिठ्ठी मूल मनात वाचतं, आणि मनात वाचलेला शब्द स्पेलिंगप्रमाणे उच्चारला जातो. कपबोर्ड म्हणतात ते खरं 'कबर्ड', ड्रॉवरचा उच्चार जवळजवळ 'ड्रॉर'. आणि आपल्याकडे सर्रास वाटीला 'बाऊल' म्हणतात, ते 'बोल' आहे. बाऊल म्हणजे आतडं. हे तुम्ही आधी मोबाइलवरच्या शब्दकोशात ऐकून घ्या, आणि चिठ्ठी मिळाली की ती मोठ्याने वाचायची असा नियम ठेवा. तुमचा उच्चार चुकला तर दोघींनी मिळून ऐका. आईलाही ऐकावं लागतं हे पाहून मुलीची भीती कमी होते.

धाकटा चार वर्षांचा आहे असंही तुम्ही लिहिलंयत. त्याला वाचता येत नाही, म्हणून त्याला चिठ्ठीऐवजी कानात सांगा, आणि शेवटची किल्ली नेहमी त्याच्या हातून लागू दे. दोघांना एकाच चिठ्ठीमागे पळवलंत तर मोठी जिंकणार आणि धाकटा रडणार. त्या भांडणात सगळा खेळ मोडलेला मी माझ्याच घरी पाहिलाय. एका खोलीचं घर असेल तरी काही अडत नाही. फडताळाचे कप्पे, गादीचे थर, डब्यांच्या रांगा पुरेशा असतात. वेळ नसेल तर तीन चिठ्ठ्यांचा खेळ करा, पण आठवडा चुकवू नका.

दोन-तीन महिन्यांनी घर अपुरं पडायला लागेल. तेव्हा खेळ कमाटी बागेत न्या. १८७९ पासूनची ती बाग, आणि आतल्या संग्रहालयात देवमाशाचा आख्खा सांगाडा. 'स्टँड बिलो द टेल. काउंट द बोन्स यू कॅन सी.' तिथे चिठ्ठ्या लपवू नका, मुलीच्या हातात पाकीट द्या. घरात पक्का झालेला 'बिटवीन' तिला दोन झाडांमध्ये भेटला की तो घराचा शब्द राहत नाही, तिचा होतो.

आणि तुम्ही आणलेलं ते पुस्तक. आठ-दहा खेळ झाल्यावर ते परत तिच्या हातात द्या, काही न विचारता. या वेळी ती अर्थ सांगणार नाही, चित्रात बोट ठेवून म्हणेल की यांनी आरशामागे बघितलंच नाही. मग मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत घेऊन जा. १९१० मध्ये महाराजांनी सुरू केलेल्या त्या वाचनालयात मराठी, गुजराती, इंग्रजी तिन्ही भाषा एकाच छताखाली आहेत. पुढचं पुस्तक तिलाच निवडू दे.

वहीतल्या दोन रकान्यांचं काय, असं तुम्ही विचाराल. वही ठेवा, पण रकाने पुसा. आता त्यात शब्दापुढे अर्थ लिहायचा नाही, कुठे सापडला ते लिहायचं: 'स्पून, इन द राइस.' 'की, विथ आजी.'

पहिल्या रविवारी चिठ्ठ्या सहाच ठेवा, फसवी जागा एक, आणि सकाळी करा, दुपारच्या जेवणाआधी. सासूबाईंना ती दोन वाक्यं शनिवारपासून म्हणायला लावा. आणि डबीत काय ठेवायचं ते त्यांनाच ठरवू द्या, तुम्हालाही आधी कळलं नाही तरी चालेल.